रुम्माना हुसेन यांची साडेसहा वर्षं

6 डिसेंबर 1992 पर्यंत रुम्माना हुसेन चित्रकार होत्या. कॅनव्हास, तैलरंग, माणसांच्या आकृती आणि रूपकातून काही सांगू पाहणारी चित्रं, असं त्यांचं काम होतं. त्या दिवसानंतर चित्रं मागे पडली. हातात मडकी आली, तीही फुटलेली. जुलै 1999 मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं तेव्हा त्या 47 वर्षांच्याही झाल्या नसाव्यात किंवा नुकत्याच झाल्या असाव्यात. मधल्या साडेसहा वर्षांत या बाईंनी मुंबईत जे केलं त्याला मराठी कलालेखनात एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळालेली नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून लागते.

त्यांचा जन्म 1952 चा, बंगळुरूचा. घराणं लखनौच्या सार्वजनिक जीवनात नाव असलेलं. कलेचं शिक्षण इंग्लंडमधल्या रेव्हन्सबोर्न कॉलेजात. सुशिक्षित, मोकळं, चार भाषांत वावरणारं असं ते वातावरण. अशा घरात वाढलेल्या माणसाला आपण मुसलमान आहोत हे ठाऊक असतं, पण रोज सकाळी उठून त्याचा विचार करावा लागत नाही. त्या 6 डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि तो विचार करणं भाग पडलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दोन टप्प्यांत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा 900 दिला: 575 मुस्लिम, 275 हिंदू, उरलेले इतर किंवा ओळख न पटलेले. 12 मार्च 1993 ला बॉम्बस्फोट झाले, त्यात 257 माणसं गेली. दारावरची नावाची पाटी ठेवावी की काढावी, असा प्रश्न चांगल्या चांगल्या इमारतींतल्या कुटुंबांना पडलेला तो काळ. आमच्या पिढीला तो वाचून समजून घ्यावा लागत नाही.

मुंबईतले चित्रकार-शिल्पकार त्या हिवाळ्यात गप्प बसले नव्हते, हे नोंदवायला हवं. ‘सहमत’ या संघटनेच्या भोवती अनेक जण एकत्र आले, रुम्माना त्यांत होत्या. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर ‘केमोल्ड’ चालवणारे केकू गांधी मोहल्ला समित्यांच्या कामात उतरले. मधुश्री दत्ता यांनी वांद्र्याच्या बेहरामपाड्यावर माहितीपट केला. नवजोत अल्ताफ यांनी 1994 मध्ये जहांगीरमध्ये दंगलीला उत्तर देणारं मोठं मांडणशिल्प उभं केलं. म्हणजे रुम्माना एकट्या नव्हत्या. पण त्यांच्याइतकं स्वतःला कुणी पणाला लावलं नाही, असं माझं मत आहे. आणि ते मी या सगळ्यांबद्दल आदर ठेवूनच मांडतो आहे.

पहिल्यांदा आली ती भाजलेली माती. मडकं उभं चिरलं की त्याचा अर्धा भाग घुमटासारखा दिसतो. पालथं घातलं की तोच घुमट, उताणं केलं की वाडगा. हा आकार त्यांना सापडला आणि मग सुटला नाही. 1993-94 च्या कामांत फुटलेली मडकी आरशावर ठेवलेली आहेत, म्हणजे अर्ध्याचं प्रतिबिंब पडून ते पुरं झाल्याचा भास व्हावा. कुठे खापऱ्यांचा ढीग आहे, कुठे जमिनीवर गेरू पसरलेला आहे. 1994 च्या प्रदर्शनाला त्यांनी ‘फ्रॅगमेंट्स/मल्टिपल्स’ असं नाव दिलं होतं. पाहणाऱ्याला मशिदीचा घुमट आठवावा हे उघडच आहे. पण मडकं घरातलं, पाण्याचं, बाईच्या कमरेवरचं आणि शेवटी खांद्यावरून भोक पाडून फोडायचंही. घुमट आणि गर्भाशय यांना त्यांनी एकाच आकारात पकडलं. पडझड झाली ती एका वास्तूची, असं म्हणून बाजूला होण्याची सोय त्यांनी पाहणाऱ्याला ठेवली नाही.

आपल्याकडे शिल्प म्हटलं की दगड, ब्राँझ, पुतळा, चौथरा हेच डोळ्यांपुढे येतं. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना 1896 साली घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ घ्या. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचं साहित्य घेतलेली, देवळाकडे निघालेली तरुणी. प्लॅस्टरमधलं ते काम आजही बघत राहावं असं आहे, चुण्यांपाशी तर नजर अडकतेच. पण त्या मुलीचे ओठ मिटलेले आहेत. ती जाते आहे, आपण बघतो आहोत. पुढे जवळजवळ शंभर वर्षं महाराष्ट्राच्या शिल्पकलेत बाई बहुतेक अशीच राहिली, बघण्याची वस्तू म्हणून, फार तर आदराने बघण्याची. घडवणाऱ्याच्या जागी बायका आल्या त्या थोड्याच. पिलू पोचखानवाला (1923–1986) हे त्यातलं ठळक नाव. वाणिज्य शाखेच्या पदवीधर, जाहिरातक्षेत्रात काम केलेल्या, शिल्पकला बऱ्याचशा आपल्या आपणच शिकलेल्या. लाकूड, शिसं, सिमेंट यांतून त्या भंगार लोखंड जोडण्यापर्यंत गेल्या. त्यांनी धातूचं बळ बाईच्या हातात आणलं. स्वतःचं शरीर मात्र त्यांनी कामात आणलं नाही, आणि त्या काळी कुणी तशी अपेक्षाही केली नसती.

ते रुम्मानांनी केलं. 1995 मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये, ‘चौराहा’ या उपक्रमात, त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ सादर केलं. त्याची छायाचित्रं आज उपलब्ध आहेत. पायांत घुंगरू. जमिनीवर गेरू आणि नीळ. दोन्ही हातांत अर्धी चिरलेली पपई, बियांसकट. आणि तोंड सताड उघडं. त्या तशाच चालत राहतात. किंकाळीला लागणारं सगळं तिथे आहे, ताणलेला जबडा, गळ्याच्या शिरा, आवाज तेवढा नाही. घुंगरांचाच काय तो नाद. म्हात्र्यांची तरुणीही हातात काही घेऊन चालतेच आहे. या दोन बायकांमध्ये 99 वर्षांचं अंतर आहे. मला वाटतं मुंबईच्या कलेचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाने ही दोन छायाचित्रं शेजारी शेजारी लावून विद्यार्थ्यांना नुसतं बघू द्यावं.

पपईबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या फळात त्यांनी फार काही भरलं आहे. उभी चिरली की आतली पोकळी आणि काळ्या, ओल्या बियांचा घोस बाईच्या शरीराची आठवण करून देतो. दाराच्या कमानीचा आकारही त्यात आहे आणि उघड्या तोंडाचाही. शिवाय आपल्याकडे घरोघरी गर्भार बाईला पपई वर्ज्य, म्हणजे गर्भ राहणं आणि न राहणं या दोन्हींशी हे फळ बायकांच्या बोलण्यात जोडलेलं. माझ्यासारख्या तुर्भ्यात राहणाऱ्याला पपई नवी नाही. घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून आमच्या बाजार समितीत आला तो 1996 मध्ये, त्या कामाच्या पुढच्या वर्षी. आजही पहाटे गाळ्यांवर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या पपयांच्या चळती उतरतात, देठाकडून चीक सुकलेला असतो, आणि एखादी सुरीने उभी चिरून गिऱ्हाइकाला रंग दाखवण्यासाठी वर मांडलेली असते. दुपारपर्यंत ती कापलेली बाजू मऊ पडते, कडा काळवंडतात, माशा बसतात. रुम्मानांना हे नक्कीच माहीत होतं. जे टिकत नाही तेच त्यांनी हातात धरलं. पपई, नारळ यांपैकी काहीही संग्रहालयाच्या कपाटात शंभर वर्षं राहायला तयार नाही. रुम्मानांकडे दुर्लक्ष होण्याचं निम्मं कारण इथेच आहे. पुतळ्याला निदान वारस असतो, लिलाव असतो, विमा असतो. एका संध्याकाळी चालून गेलेल्या बाईचं काय जपणार?

उरलेलं निम्मं कारण सांगायला मला जास्त अवघड वाटतं. स्त्रीमुक्तीचं नाट्य महाराष्ट्राला अनोळखी नव्हतं. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘मुलगी झाली हो’ने 1983 पासून गावोगाव प्रयोग केले होते. सुषमा देशपांडे यांची सावित्रीबाई 1989 पासून रंगमंचावर उभी राहून लोकांशी थेट बोलत होती. तिथे बाई बोलायची, गायची, प्रेक्षक हसायचे, रडायचे, टाळ्या द्यायचे. ते मराठीत होतं आणि चळवळीच्या अंगणात होतं. रुम्माना दक्षिण मुंबईच्या गॅलऱ्यांत होत्या, इंग्रजीत विचार मांडत होत्या आणि कामात तर बोलतच नव्हत्या. मराठी समीक्षकाला त्या आपल्या वाटल्या नाहीत. दुसरीकडे इंग्रजी कलाविश्वाला तोवर विकता येण्याजोगी चित्रं हवी होती. दोन्ही अंगणांच्या मधल्या गल्लीत त्या राहिल्या. पण विषय पाहिला तर तो दोन्हीकडे एकच होता: घरातली बाई आणि बाहेर पेटलेला देश.

1996 मध्ये केमोल्डमध्ये झालेल्या कामाचं नावच ‘होम/नेशन’ होतं. त्या वक्राकार, चिंचोळ्या गॅलरीत त्यांनी छायाचित्रं आणि वस्तू मांडल्या. भाजी चिरणारे बाईचे हात, इमारतींच्या कमानी, उघडं तोंड, पपईचा छेद. एकेक छायाचित्र पुढच्याला जोडून वाचायचं. कमान बघून तोंड आठवतं, तोंड बघून फळ, फळ बघून पुन्हा कमान. घरात रोज चाललेलं चिरणं आणि अयोध्येनंतरचं चिरणं यांच्यात त्यांनी भिंत ठेवली नाही. गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षकांनी हे लगेच ओळखलं. रुम्माना गेल्यावर कपूर यांनी ‘आर्ट इंडिया’त जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकातच त्यांच्या धैर्याचा उल्लेख होता.

1997 चं काम इतिहासाकडे वळलं. ‘द टूम ऑफ बेगम हजरत महल’. 1857 च्या उठावातली अवधची ही बेगम आपल्याला शाळेत एका वाक्यात भेटते. झाशीच्या राणीवर मराठीत किती लिहिलं गेलं, नानासाहेब पेशव्यांचं पुढे काय झालं यावर किती तर्क झाले! पण लखनौ हातचं गेल्यावर जी बाई अवधच्या तराईतून लढत नेपाळात पोहोचली, त्याच मुलखात जिथे नानासाहेबही आसऱ्याला गेले होते, ती इंग्रजांचं निवृत्तिवेतन न घेता काठमांडूतच 1879 मध्ये वारली. तिची कबर तिथेच आहे. लखनौच्या घराण्यातल्या रुम्मानांना ही बाई जवळची वाटली असेल तर नवल नाही. त्यांनी गॅलरीत तिची कबर बांधली. जमिनीवर पपईच्या अर्ध्या फाका, भिंतीवर गंजलेली लोखंडी अवजारं अशी मांडलेली की दुरून ती उर्दू अक्षरांची ओळ भासावी. वाचायला जावं तर हातात विळा आणि पाना येतात. शूर बाईचं स्मारक म्हणून घोड्यावरचा पुतळा करायचा नाही, हा त्यांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. अवजारांना धार नव्हती, गंज होता.

याच काळात कर्करोगाने त्यांना गाठलं होतं. स्तन काढावा लागला. 1998 च्या ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ या सादरीकरणात त्या हे शरीर घेऊन प्रेक्षकांसमोर बसल्या. अंगावरचं आवरण थोडं दूर, कृत्रिम स्तन दिसेल असा, डोकं झाकलेलं, आणि समोर ठेवलेल्या मजकुरातून त्या एकामागून एक प्रश्न वाचत होत्या. ते प्रश्न ‘ती’च्याबद्दलचे होते, मुसलमान बाईबद्दल इतरांना जे जे पडतात तसे. बुरखा, नमाज, मुलं, नवरा, निष्ठा. उत्तरं नव्हती. प्रश्न विचारणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू यावा इतकंच.

हे काम बघताना महाराष्ट्रातल्या माणसाला 18 एप्रिल 1966 आठवायला हवं. समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया समान हक्कांची मागणी घेऊन मुंबईत विधानभवनावर गेल्या होत्या. सातच. त्यांनाही दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारले गेले होते. पोटगीच्या प्रश्नावरच्या 1985 च्या शहाबानो निकालानंतर तर मुसलमान बाई ही देशभरच्या पुरुषांच्या भांडणाचं मैदान झाली. एका बाजूला तिला झाकणारे, दुसऱ्या बाजूला तिला सोडवायला निघालेले, आणि तिला स्वतःला काय वाटतं हे विचारणारे विरळा. रुम्मानांनी त्या मैदानात आपली जखम आणून ठेवली. धर्म, बाईपण आणि आजार या तीन गोष्टींवरून जग शरीराकडे टक लावून बघतं. त्यांनी ती टक परत फिरवली.

जगात अशी उदाहरणं आहेत आणि ती सांगितल्याने रुम्माना लहान होत नाहीत. अमेरिकेत हॅना विल्के यांनी सत्तरच्या दशकात मातीच्या आणि चघळलेल्या च्युइंगगमच्या योनिसदृश आकृती केल्या, स्वतःच्या देखण्या शरीराची छायाचित्रं काढली आणि त्यासाठी मिरवणारी बाई म्हणून टीका सोसली. पुढे लिम्फोमा झाल्यावर त्याच शरीराची, केस गेलेल्या, सुया टोचलेल्या अवस्थेतली मोठमोठी छायाचित्रं त्यांनी करवून घेतली. जानेवारी 1993 मध्ये त्या गेल्या, छायाचित्रं पुढच्या वर्षी लोकांनी पाहिली. ब्रिटनच्या जो स्पेन्स यांनी स्तनाच्या कर्करोगाचं तसंच निर्भय चित्रण केलं. क्यूबात जन्मलेल्या आना मेंदिएता यांनी माती, गवत, रक्त यांत स्वतःच्या देहाचा ठसा उमटवला. 1985 मध्ये त्या 36 व्या वर्षी गेल्या आणि दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. फरक आहे तो इथे. त्यांच्यामागे दुर्लक्ष झालं तरी लगोलग कुणीतरी कागद, फिल्म, वस्तू गोळा करायला बसलं.

रुम्माना 1998 मध्ये न्यूयॉर्कला ‘आर्ट इन जनरल’ या संस्थेत राहून काम करून आल्या. तिथल्या मांडणशिल्पाचं नाव ‘इन ऑर्डर टू जॉइन’. मग शेवटचं मोठं काम, ‘अ स्पेस फॉर हीलिंग’, ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक ट्रायेनियल या त्रैवार्षिक प्रदर्शनासाठी. त्या खोलीत शिरलं की इस्पितळात आलो की दर्ग्यात, हे कळू नये अशी योजना होती. जमिनीवर स्ट्रेचरची आठवण करून देणारे पांढरे पट्टे, भिंतीवर पुन्हा ती अवजारं अक्षरांसारखी. मरण पुढे उभं असलेल्या माणसाने बरं होण्याची जागा बांधली आणि ती फक्त स्वतःसाठी बांधली नाही. दंगलीत, फाळणीत, शस्त्रक्रियेत कापल्या गेलेल्या सगळ्यांना तिथे यायला वाव होता. ट्रायेनियलचं उद्घाटन सप्टेंबर 1999 मध्ये झालं. रुम्माना जुलैमध्ये गेल्या होत्या.

त्यानंतरचा पाव शतकाचा हिशेब थोडक्यात असा. नवजोत अल्ताफ यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात डिसेंबर 2018 मध्ये भरलं, नॅन्सी अदजानिया यांनी ते रचलं होतं. दंगलीनंतरच्या कामांपासून बस्तरमधल्या कोंडागावच्या आदिवासी कलावंतांबरोबर उभारलेल्या हातपंपांच्या जागांपर्यंत सगळं एका छताखाली आलं. स्त्रीवादी शिल्पकाराला अशी दाद हयातीत मिळाली याचा आनंद आहे. रुम्मानांच्या वाट्याला आली ती मुख्यतः सामूहिक प्रदर्शनांतली जागा. जर्मनीच्या मोन्शनग्लाडबाख शहरातल्या आब्टायबेर्ग संग्रहालयाने 2013 च्या अखेरीस अनेक देशांतल्या स्त्री-कलावंतांना एकत्र आणलं. प्रदर्शनाचं नाव रुम्मानांच्याच न्यूयॉर्कच्या कामावरून घेतलेलं, रचना कॅनडातल्या स्वप्ना ताम्हणे आणि सुझान टिट्झ यांची. 2015 मध्ये ते मुंबईतही आलं. 2024 च्या अखेरीस लंडनच्या बार्बिकनमध्ये 1975 ते 1998 या काळातल्या भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन झालं, त्यातही त्या होत्या. म्हणजे नाव पूर्ण पुसलेलं नाही. पण ज्या शहराच्या दंगलीने त्यांना घडवलं, त्या शहराच्या सरकारी संग्रहालयाने त्यांच्या एकट्यांच्या कामासाठी आपले मजले उघडावेत, ही मागणी मराठी कलारसिकांनी जोरात करायला हवी.

ते भरवणं सोपं नाही, हे मान्य. मडकी, अवजारं, आरसे मिळवून मांडता येतील. सादरीकरणांची छायाचित्रं, चित्रफिती, हस्तलिखित मजकूर मांडता येतील. खरी पंचाईत पपईची. ओतीव साच्यातली ठेवायची की खरी? माझं मत खरीच ठेवावी. दर तीन-चार दिवसांनी बदलावी आणि सुकलेली लगेच उचलू नये, शेजारी राहू द्यावी. कारण ज्या कामाचं सगळं बळ कुजण्यात आहे त्याला प्लास्टिकचं अमरत्व देणं ही लबाडी होईल. संग्रहालयांच्या जतनविभागाला हे पटणार नाही, कीड-मुंग्यांचा प्रश्न निघेल, तरी भांडावं.

आणि एक काम प्रदर्शनाची वाट न बघता आत्ताच व्हायला हवं. 1995 च्या त्या संध्याकाळी एनसीपीएत हजर असलेली माणसं आज साठी-सत्तरीत असतील. कॅमेरा एका कोनातून दाखवतो. घुंगरांचा आवाज किती वेळ चालला, लोक मागे सरले की पुढे आले, गेरूतून पावलं उमटली ती नंतर कुणी पुसली, त्या बाईच्या उघड्या तोंडाकडे बघणं कुणाला असह्य झालं, हे फक्त त्यांनाच सांगता येईल. जे. जे.च्या किंवा मुंबई विद्यापीठाच्या दोन-चार विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याकडे बसावं. मराठीत बसावं, हिंदीत बसावं, इंग्रजीत बसावं, पण येत्या दोन-तीन वर्षांतच बसावं.